ह्यांच्या नावाची मेंढी

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतेय. खरं सांगायचं तर वाचून हसतेय. विहिरीवरचा मुंजा, माळावरचा चकवा, रस्त्यात आडवी आलेली पांढऱ्या साडीतली बाई... दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तेवढाच टाइमपास. मी डी.फार्म. झालेली बाई आहे, माझं स्वतःचं मेडिकल आहे, आणि अंगाऱ्याची पुडी काउंटरवर ठेवून "ताई, ह्याच्यासंगं गोळी चालती का?" असं विचारणाऱ्यांना मी आजवर भरपूर ऐकवलेलं आहे. तेव्हा आता माझ्यावर कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा, आणि मग सांगा की माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं.

माझं माहेर वसमत, सासर कळमनुरी तालुक्यात. आखाडा बाळापूरहून मोटारसायकलवर पंधरा-वीस मिनिटांवर गाव आहे. नाव देत नाही, कारण गावातले लोक हे वाचतील आणि मग दुकानात औषध घ्यायला नाही, मेंढी बघायला येतील. दुकान बाळापूरला, घर गावाच्या अगदी शेवटी. पुढं पत्र्याचं छप्पर, त्यापुढं मोकळी जागा, आणि तिथं जाळीच्या कुंपणात मेंढरं. आमचं घर मेंढरं राखणारं. कळप सासूबाईंचा, चारायला नेणार माझा दीर कैलास. आमचे हे, म्हणजे माधव, पिकअप चालवायचे. हळदीच्या दिवसांत आसपासच्या गावांतली पोती वसमतच्या मार्केटला न्यायची, एरवी मिळेल ते भाडं. घरात मी, हे, सासूबाई, कैलास आणि आमची मुलगी श्रावणी. बस, एवढीच माणसं.

सुरुवात सकाळच्या घामापासून झाली. थंडीचे दिवस, आणि हे घामानं भिजून उठायचे. उठल्यावर काहीतरी असंबद्ध बोलायचे. एकदा मला म्हणाले, "गाडी पुसून ठेव, सासरवाडीला जायचंय," आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं मी कुणाची कोण. मी दुकानातलं मशीन आणून शुगर तपासली, तर एवढी कमी की मला मशीनच खराब वाटलं. डायबेटिस नाही, कसली गोळी चालू नाही, मग शुगर उतरते कशी? चमचाभर साखर तोंडात टाकली की पुन्हा माणूस शहाणा. सासूबाई म्हणायच्या, "जेवत न्हाई बराबर, म्हणून व्हतंय." मीही आधी तेच समजत होते.

मग नांदेडला नेलं. एक्स-रे, सिटी स्कॅन... छातीच्या उजव्या बाजूला, फुप्फुसाच्या आवरणाला चिकटून एक मोठी गाठ निघाली. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर. मी औषधांच्या दुनियेतली, तरी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनी समजावलं, की तंतूंची बनलेली घट्ट गाठ असते, फार कमी लोकांना होते, आणि कधीकधी ती स्वतःच असा पदार्थ सोडते की रक्तातली साखर खाली जाते. बहुतेक वेळा साधी असते, काढली की विषय संपतो. मी "बहुतेक" ह्या शब्दाकडं त्या दिवशी लक्ष दिलं नाही. ऑपरेशन संभाजीनगरला करायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सासूबाईंनी ह्यांना बाहेर बाजेवर उताणं झोपायला सांगितलं. शर्ट काढायला लावला. सकाळीच एक मेंढी व्यालेली होती. तिचं कोकरू, काळं कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका, अजून नीट वाळलंही नव्हतं. ते त्यांनी आणून ह्यांच्या उघड्या छातीवर, उजव्या बाजूला ठेवलं. कोकरू थरथरत होतं आणि ह्यांना गुदगुल्या होत होत्या.

"हसू नको," सासूबाई म्हणाल्या. "हे तुज्या नावाचं. आजपासून तुजी तकलीफ ह्याची."

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. म्हटलं, "आत्याबाई, हे काय चालवलंय तुमी? त्यांना इन्फेक्शन होईल."

"व्हय माय, इन्फेक्शन बी हेच घेईल," त्या म्हणाल्या आणि कोकराला उचलून त्याच्या आईकडं घेऊन गेल्या.

त्यांच्या माहेरची ही रीत. घरातलं कुणी जिवावरच्या दुखण्यात असलं की त्याच्या नावानं एक कोकरू ठेवायचं. ते विकायचं नाही, कापायचं नाही, त्याची लोकर कातरायची नाही, कानाला खूण करायची नाही. मी मनात म्हटलं, चला, एका मेंढरानं जर आमच्या म्हातारीला झोप लागत असेल तर आपलं काय जातंय.

ऑपरेशन चांगलं झालं. सर्जननी बाहेर येऊन ट्रेमध्ये गाठ दाखवली. कवठाएवढी, पांढरट, टणक. बघून कैलासला चक्कर आली आणि मला त्यालाच धरून बसवावं लागलं. ह्यांच्या पाठीपासून काखेखालून पुढं छातीपर्यंत बरगड्यांच्या मधून तिरपी चीर होती. नळी, श्वास आत ओढून तीन गोळे वर उचलायचं ते खेळणं, खोकताना छातीशी धरायची उशी... हे सगळं पार पडलं आणि माणूस घरी आला. पुढचे स्कॅन साफ. शुगर नॉर्मल. हे पुन्हा पिकअप चालवायला लागले, फक्त पोती उचलायला हमाल. कोकराची मेंढी झाली. हे तिला येता-जाता "काय सरकार, कसं काय?" म्हणायचे. आमच्या घरात तो एक विनोदच होता.

दोन-एक वर्षांनी कातरणीच्या दिवसांत ती चूक झाली. लोकर कातरणारी माणसं आली होती. दर वर्षी सासूबाई स्वतः समोर बसायच्या आणि ह्यांची मेंढी बाजूला बांधून ठेवायच्या. त्या दिवशी त्या कुणाच्या तरी मातीला गेल्या होत्या, मी दुकानात, हे भाड्यावर. कैलासनं मेंढी बांधली होती, पण ती दोर सोडवून कळपात घुसली आणि कातरणाऱ्याला काय माहीत. त्यानं समोर आली ती धरली.

मी दुपारी जेवायला घरी आले तेव्हा सासूबाई परतल्या होत्या आणि त्या मेंढीजवळ मातीत बसल्या होत्या. ओरडत नव्हत्या, म्हणून मी थांबले. एरवी चहात साखर कमी पडली तरी त्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा.

मेंढीच्या उजव्या अंगाला, पुढच्या पायाच्या मागं, एक गाठ होती. लिंबाएवढी. आणि तिथून वर, पाठीकडून खाली छातीकडं, बरगड्यांच्या मधून तिरपी गेलेली एक बारीक, बिनकेसांची रेघ. जखम भरून आल्यावर कातडी जशी गुळगुळीत होते ना, तशी.

मी दोन वर्षं रोज रात्री एका माणसाच्या पाठीला तेल लावत होते. ती रेघ कुठून सुरू होते, कुठं वळते, मला डोळे मिटून सांगता येईल. मेंढीच्या अंगावर तीच रेघ होती.

कातरणारा म्हणाला, "आमच्या कातरीचं न्हाई बरं ताई. जुनं हाय ते." ते मलाही दिसत होतं.

बाळापूरहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, तारेच्या कुंपणात अडकली असेल कधीतरी, लोकरीखाली कळलं नसेल. आणि मेंढरांना अशा पुवाच्या गाठी होतातच, फोडून टाकू. सासूबाईंनी हात लावू दिला नाही. डॉक्टर म्हणाले ते पटण्यासारखं होतं. मला पटलंही. तरी दुसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "तुमी खोकता सारखे, स्कॅन करून घेऊ." हे खोकत नव्हते. स्कॅनची तारीख अजून लांब होती. पण हे लगेच तयार झाले, कारण त्यांनीही मेंढी बघितली होती.

गाठ परत आली होती. जुन्या जागेच्या जरा खाली. लिंबाएवढी.

नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "मुळात हा आजार दुर्मिळ, त्यात परत येणं आणखी कमी. पण येते काही जणांना. लवकर आलात ते फार चांगलं केलं. काय त्रास होत होता?"

मी म्हटलं, "खोकला." काय सांगणार होते... मेंढी कातरली म्हणून?

दुसरं ऑपरेशन पहिल्यासारखं सोपं झालं नाही. आत सगळं चिकटलेलं होतं, फुप्फुसाचा थोडा भाग काढावा लागला. हे बरेच दिवस आयसीयूत होते. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून कैलासला फोन करायचे आणि श्रावणीचं विचारून झालं की फोन ठेवताना, नको नको म्हणत, विचारायचे, "ती कशी आहे?" तो म्हणायचा, "पडून हाय वहिनी. पाणी बी घेत न्हाई. माय तिच्यापासून हलून न्हाई राहिली." मग एका सकाळी हे शुद्धीवर नीट आले, माझ्याकडं बघून म्हणाले, "चहा मिळंल का?" आणि मी रडत बाहेर आले तर कैलासचाच फोन... मेंढी उठून उभी राहिली, चारा खाऊन राहिली.

घरी आल्यावर मी काही दिवस मेंढीकडं बघायचं टाळलं. मग एका दुपारी कुणी नसताना गेले आणि तिच्या पुढच्या पायामागं हात घातला. गाठ नव्हती. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, फुटली असेल आपोआप. बरोबर आहे. फुटतात.

इथपर्यंत ऐकून माझी नर्स मैत्रीण म्हणाली होती, "अगं मग चांगलंच आहे की, फुकटचा स्कॅन." मला त्या क्षणी तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. कारण तोवर आमच्या घराचं काय झालं होतं ते तिला माहीत नव्हतं.

ह्यांनी पिकअप विकली. कारण भाड्यावर गेलं की मेंढीकडं कोण बघणार. मेंढी कळपासोबत चारायला जायची बंद झाली, रस्त्यावर ट्रक असतात, माळावर कुत्री असतात, लांडगा असतो. अंगणात कडुलिंबाखाली तिला वेगळी जागा. खाली रोज कोरडी माती. चारा हे स्वतः निवडून घालणार. कळपातल्या मेंढ्याला तिच्याजवळ फिरकू द्यायचं नाही, न जाणो विताना काही झालं तर. सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्या आधी तिच्या पायामागं हात घालायचा, मग चहा. संध्याकाळी पुन्हा. पुण्याला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं, गेलो नाही. श्रावणीला शाळेच्या सहलीला सोडायला ह्यांना हिंगोलीपर्यंत यायचं होतं, आले नाहीत. पावसाळ्यात मेंढीला सर्दी झाली तर हे गोधडी घेऊन झोपून राहिले. मी शुगर तपासली, ताप तपासला, सगळं ठीक. म्हटलं, "उठा, काही झालेलं नाही तुमाला."

"मला न्हाई झालं," हे म्हणाले. "तिला झालंय."

मला चीड यायची. भीतीही वाटायची आणि त्या भीतीची लाज वाटायची. दुकानात मी लोकांना सांगायचे, की डोस पूर्ण करा, वेळेवर तपासणी करा, आणि घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी माझीच नजर लिंबाखाली जायची.

डॉक्टर म्हणाले होते, दोनदा झालंय, आता सतत लक्ष ठेवावं लागेल. शुगर उतरली तर लगेच यावं लागेल. शक्य असेल तर नांदेडलाच राहा. तिसऱ्यांदा उघडायला आता फार जागा नाही, हेही त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी नांदेडला दवाखान्याजवळच्या एका मेडिकलमध्ये बोलणी केली. दोन खोल्या बघितल्या. श्रावणीसाठी शाळाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अन् ही?"

"हिला काय नांदेडला तिसऱ्या मजल्यावर न्यायची का?"

"न्यायची न्हाई. म्हणूनच जायचं न्हाई."

मी त्या दिवशी फार बोलले. एका मेंढीच्या खुंट्याला तुम्ही बांधलेत आणि तुमच्या खुंट्याला आम्ही, असंही म्हटलं. हे म्हणाले, "मला काय हौस हाय का? मला बी समजून राहिलं, येड्यासारखं हाय हे. पण हात लावल्याबिगर घास उतरत न्हाई. तू सांग काय करू." त्यांचे डोळे भरले होते. इतक्या आजारपणात मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी दुकानात होते आणि कैलासचा फोन आला. "वहिनी, दादा मेंढी घेऊन गेला. कुणाचा तरी टेम्पो धरून बाजारात गेला. म्हणला, आज एकदाचं मोकळं व्हतो."

मी शटर अर्धं ओढून पळाले. गुरांचा बाजार दुकानापासून लांब नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या बाजूला गर्दी होती, पण ती मेंढी मला लगेच दिसली. एका व्यापाऱ्यानं तिचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला. हे तिथं नव्हते. मी इकडंतिकडं बघितलं तर हे पलीकडं, चहाच्या गाड्याजवळ, मेंढीकडं पाठ करून उभे. हातात चहाचा ग्लास. त्यांना बघवत नव्हतं म्हणून लांब जाऊन उभे राहिले होते, हे मला नंतर कळलं.

मी दोघांच्या मध्ये उभी होते. एका बाजूला व्यापारी आणि मेंढी, दुसऱ्या बाजूला हे. दोन्ही मला दिसत होतं, आणि त्यांना एकमेकांचं दिसत नव्हतं.

व्यापाऱ्यानं मेंढीच्या पुढच्या पायामागं अंगठा घालून बरगड्या दाबल्या. अंगात मांस किती आहे ते बघतात तसं. मेंढी गप्प उभी राहिली. आणि ह्यांच्या हातातला ग्लास पडला. "आई गं" म्हणून उजवी बाजू धरून हे गुडघ्यावर बसले.

व्यापाऱ्यानं हात काढला. हे श्वास घ्यायला लागले. गाड्यावाला पाणी आणायला वळला होता. व्यापाऱ्याला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यानं खात्री करायला पुन्हा त्याच जागी दाबलं, आणि हे पुन्हा कळवळले. मी ओरडले, "हात काढा तिच्यावरचा." बाजारातली माणसं माझ्याकडं बघायला लागली. व्यापारी म्हणाला, "बाई, बघितल्याशिवाय कोण घेतंय?" मी त्याच्या हातातून दोर ओढून घेतला. आजही मला तो दोर तळहातात जाणवतो.

त्याच दिवशी नांदेडला नेलं. शुगर ठीक. स्कॅनमध्ये नवीन काही नाही. डॉक्टर म्हणाले, छाती उघडून ऑपरेशन झालं की बरगड्यांच्या मधल्या नसा दुखावतात, वर्षानुवर्षं अशी कळ अचानक येऊ शकते. तेही खरं आहे. मी स्वतः ह्या दुखण्याच्या गोळ्या विकते. तारेनं रेघ पडू शकते, गाठ आपोआप फुटू शकते, नसेची कळ अचानक येऊ शकते. सुटं सुटं घेतलं तर मला सगळं कळतं.

घरी आल्यावर मी सासूबाईंसमोर जाऊन बसले. भांडायलाच बसले होते. म्हटलं, "तुमी का सांगितलं त्यांना? माणूस बरा झाला असता नाहीतर मेला असता, पण असा बांधला गेला नसता."

त्या म्हणाल्या, "बराबर हाय तुजं. सांगत न्हाईत आपल्यात. माज्या मायनं कदी कुणाला सांगितलं न्हाई, कोणतं कोणाचं. मला वाटलं, दवाखान्यात जाऊन राहिला, धीर येईल लेकराला. सांगितलं ती चूक झाली."

मी त्यांच्यावर चिडलेच होते, पण पहिल्यांदाच त्या मला इतक्या लहान दिसल्या. त्यांच्या हातावर हात ठेवला आणि उठले.

त्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांना ताप आला. म्हातारं शरीर, न्यूमोनिया. दवाखान्यातून दोनदा आणलं. शेवटी त्याच म्हणाल्या, आता इथंच राहू द्या. मी सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन द्यायचे. एका सकाळी त्यांचा श्वास जरा मोकळा होता, तेव्हा मी त्यांना आमचं ठरलेलं सांगितलं. कैलासला वसमतजवळच्या कारखान्यावर काम मिळत होतं. कळप विकायचा. ह्यांची मेंढी तेवढी ठेवायची, नांदेडच्या बाहेर जागा असलेलं घर बघितलं होतं, तिथं तिला नेता येणार होतं. हेही तयार झाले होते. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात कुणीतरी पुढच्या महिन्याचं बोलत होतं. मला वाटलं, ऐकून त्यांना बरं वाटेल.

त्यांनी माझं मनगट धरलं. तापलेला हात.

"समदी इकू नको."

"काहून?"

"तुजी हाय त्यांच्यात."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी म्हटलं, "मला काय झालं होतं?"

"तू दवाखान्यात बाकड्यावर बसून राहिली व्हती. दिवस दिवस जेवत नव्हती. मी इकडं घाबरले." त्यांना धाप लागली. थांबून म्हणाल्या, "अन् श्रावणीला ताप चढला व्हता तवा तिची बी ठेवली."

"आत्याबाई, कोणती?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"माझं राहू द्या. श्रावणीची तेवढी सांगा. कोणती आहे?"

"न्हाई सांगत," त्या म्हणाल्या. अगदी मायेनं म्हणाल्या, लेकराला औषध कडू नाही म्हणून सांगतात तसं. "एकदा सांगून बघितलं न्हाई का मी."

त्यानंतर मी रोज विचारलं. विनवलं, रागावले, पाया पडले. मग त्यांचं बोलणंच गेलं, आणि मग त्या गेल्या. कैलासला काही माहीत नाही. ह्यांना मी सांगितलेलं नाही, हे आधीच एका मेंढीनं अर्धे झालेत.

दहावं-तेरावं झाल्यावर एक व्यापारी आला. कळप बघून गेला, बोलणं झालं, दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. कैलास एकेक मेंढी धरून पुढं आणायला लागला. मी दारात उभी. पहिलीच मेंढी फळीवरून गाडीत चढताना घसरली आणि मी इतक्या जोरात "थांब" म्हटलं की श्रावणी आतून धावत आली. मी तिला आधी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग व्यापाऱ्याला म्हटलं, विकायचा नाही. ह्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं नाही. नांदेडचं घर हातचं गेलं. मेडिकलवाल्यांनी दुसरी मुलगी ठेवली. ह्यांना वाटतं, आईच्या आठवणीनं मी कळप ठेवला, आणि ते माझ्याशी फार चांगलं वागायला लागलेत. ते मला सहन होत नाही.

कळप आता मी सांभाळते. एकही विकत नाही, एकही कापू देत नाही, लोकर कातरत नाही. कैलास म्हणतो, वहिनी, मेंढरं उन्हाळ्यात मरतील अशानं. खरंच मरतील. म्हाताऱ्या आहेत त्या तर मरणारच. एखादी मरते तेव्हा मी श्रावणीच्या शाळेत फोन करते.

ह्यांचा पुढचा स्कॅन जवळ आलाय. मेंढी सध्या ठीक आहे. मला अजूनही ह्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी परत लिहिते. कुणाकडं काही स्पष्टीकरण असेल तर द्या, मी मनापासून वाचेन. नसेच्या दुखण्याचं, पुवाच्या गाठीचं सांगू नका, ते मला माहीत आहे.

काल संध्याकाळी कळपातली एक मेंढी लंगडत आली. मी श्रावणीला अभ्यासावरून उठवलं, बाजेवर बसवलं आणि तिचे दोन्ही तळपाय उजेडात धरून बघितले. काही नव्हतं. ती म्हणाली, "मम्मी, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, जा." मग दार लावून मी माझे बघितले.